माळवदावरचा डायपोल

नवा हॅम (हौशी रेडिओचा) परवाना हाती आला की पहिला प्रश्न जवळपास सगळ्यांचा एकच असतो: "सर, सेट कोणता घेऊ?" नांदेडचा इंजिनिअरिंगचा पोरगा तेच विचारतो आणि परळीकडचे निवृत्त मास्तरही तेच विचारतात. मी उलट विचारतो की घराचं छत जमिनीपासून किती उंच आहे, आणि छतावरून टेबलापर्यंत वायर किती मीटर पडेल. समोरचा जरा हिरमुसतो. त्यानं मनात चार मॉडेलांची नावं धरलेली असतात आणि मी पाइप-वायरीची गोष्ट काढतो.

पण या बाबतीत माझं मत पक्कं आहे. पैसे मोजकेच असतील, आणि आपल्या भागात, मराठवाड्यात, ते बहुतेकांचे मोजकेच असतात, तर आधी अँटेना, मग फीडलाइन (सेटपासून अँटेनापर्यंतची वायर) आणि उरलेल्या पैशात सेट. सेट जुना, दुसऱ्याच्या हातचा असला तरी बिघडत नाही. त्याचे ५० वॉट हे नव्या कोऱ्या सेटच्या ५० वॉटइतकेच असतात. त्यातले हवेत किती पोचतात, हे सेटच्या मागच्या सॉकेटनंतर जे काही आहे त्यावर ठरतं. आणि समोरच्याचा बारीक आवाज आपल्या कानापर्यंत येतो की नाही, हेही तिथंच ठरतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. बोलायचंय कुठं? गावातल्या गावात, तालुक्यात, की संभाजीनगर-मुंबईपर्यंत? हे ठरल्याशिवाय "चांगली अँटेना" या शब्दांना काही अर्थ नाही. युरोपशी बोलण्यासाठी जी उत्तम, ती लातूरहून नांदेडला हाक मारायला निरुपयोगी ठरू शकते.

जवळचं आधी बघू. दोन मीटरचा बँड (लहरींचा पट्टा), आपल्या देशात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, हा हातातल्या छोट्या सेटांचा आणि गाडीतल्या सेटांचा बँड. ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि क्षितिजाच्या थोडी पलीकडे जाऊन संपते. हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, त्याला ४.१ नं गुणा, तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओ क्षितिज. समोरच्याचं तसंच काढा आणि दोन्ही मिळवा. दोघांच्याही अँटेना १२ मीटरवर असतील तर बेरीज साधारण २८ किलोमीटर येते. दोघंही रस्त्यावर उभे राहून हातातल्या सेटवर बोलत असतील तर सपाट मोकळ्या रानात कागदावर १० किलोमीटर निघतात. घरं, झाडं, उसाचे फड मधे आले की त्यातले निम्मेही उरत नाहीत. इथं वॉट वाढवून फार काही हाती लागत नाही. ५ वॉटचे २५ केले तरी क्षितिज एक मीटरही पुढं सरकत नाही. उंची वाढली की मात्र सरकतं.

म्हणून आपल्याकडची जमीन ओळखून घ्यावी. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी नजर जाईल तिथवर सपाटी आहे, तिथं १० मीटरचा खांबसुद्धा छान काम देतो. बालाघाटाचं तसं नाही. पठाराच्या कडेला घर असेल तर खालचं सगळं खोरं मोकळं मिळतं, आणि घर दरीच्या पोटात असेल तर शेजारच्या गावचाही आवाज येत नाही. दूरदर्शनचा टॉवर अंबाजोगाईच्या उंचवट्यावर उभा आहे तो काही उगाच नाही. छतावरच्या अँटेनाची तोंडं त्या दिशेला फिरवून चित्र स्वच्छ करणारी पिढी अजून घराघरांत आहे. तिला उंचीचं आणि दिशेचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या अँटेनाही काही किरकोळ चीज नव्हत्या. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या जपानी संशोधकांनी १९२६ च्या सुमारास जगापुढं मांडलेली रचना आपल्या माळवदांवर वर्षानुवर्षं उभी होती. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अजून कुणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर भंगारात देऊ नका. दोन मीटरच्या यागीसाठी साधारण एक मीटर लांबीच्या नळ्या लागतात आणि त्या त्यातून निघतात.

गावात गढी असेल आणि तिथं चढायची परवानगी मिळत असेल तर त्याहून चांगली जागा नाही. पडकी का असेना, गावातली सर्वांत उंच जागा ती असते.

आता दोन मीटरची अँटेना कोणती? सुरुवातीला मी जे-पोल सुचवतो. तांब्याच्या नळीची किंवा वायरीची साधारण दीड मीटर लांबीची ही अँटेना घरी बनते, तिला खाली आडव्या काड्या लागत नाहीत, आणि वायरीची केली तर पीव्हीसी पाइपात घालून पावसापासून वाचवता येते. हातातल्या सेटची बोटभर रबरी अँटेना काढून तिथं छतावरची जे-पोल जोडली की जो फरक पडतो तो ऐकूनच कळतो. कालपर्यंत नुसती खरखर होती तिथं आज माणसं बोलत असतात. गाडीसाठी टपाच्या मधोमध पाव लहरीची, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरची काडी. टपाचा पत्रा तिचा अर्धा भाग असतो, म्हणून ती बंपरवर लावली की तिची ताकद जाते. आणि या बँडवर एफएमवर बोलणारे सगळे अँटेना उभी ठेवतात. तुम्ही आडवी लावलीत तर सुमारे २० डीबीचं (डीबी म्हणजे डेसिबल, शक्तीची तुलना मोजायचं एकक), म्हणजे शंभर पटीचं नुकसान होऊ शकतं. जाहिरातीत गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला लहर किती एकवटते तो आकडा, वाचताना एकक बघा. मोकळ्या जागेतल्या साध्या डायपोललाही (मधोमध केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेलाही) सगळीकडं सारखी लहर सोडणाऱ्या काल्पनिक बिंदूच्या तुलनेत २.१५ डीबी गेन असतो. मोजमाप बदललं की तीच अँटेना आकड्यात मोठी दिसते, हवेत नाही.

खरं मन रमतं ते पुढच्या भागात.

मराठवाडा नकाशावर मोजून बघा. संभाजीनगर ते किनवट हवाई अंतर ३०० किलोमीटरच्या घरात आहे. लातूर ते नांदेड सुमारे ११५, लातूर ते संभाजीनगर सुमारे २१०, लातूर ते मुंबई ४०० च्या आतबाहेर. ही अंतरं दोन मीटर बँडच्या क्षितिजापलीकडची आहेत, आणि दूरदेशी बोलण्यासाठी ज्या अँटेना उभारतात त्यांना ती फार जवळची पडतात. त्या अँटेना लहर क्षितिजाच्या कडेनं बाहेर फेकतात. ती आयनांबरावर (वातावरणातल्या उंच विद्युतभारित थरावर) आपटून परत जमिनीवर येते तेव्हा हजार-दोन हजार किलोमीटर पुढं गेलेली असते. मधला सगळा मुलूख कोरडा राहतो.

आपल्याला हवी असते ती लहर जवळजवळ सरळ डोक्यावर जाणारी. ती अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या थरावरून परतते आणि खाली चहूबाजूंना पसरते. मधे डोंगर असो, दरी असो, काही फरक पडत नाही, कारण ती वरून येते. यासाठी ४० मीटर बँड, म्हणजे आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आणि त्यावर कमी उंचीवर ताणलेला आडवा डायपोल. या बँडची लहर ४२ मीटर लांब असते. तिचा पाव भाग म्हणजे साडेदहा मीटर, आणि डायपोल त्याच्या आत, सहा ते दहा मीटरवर असेल तर बहुतेक ऊर्जा वरच जाते. एकमजली घराच्या स्लॅबवर तीन-चार मीटरचा पाइप उभा केला तरी ही उंची मिळते. परदेशी पुस्तकं वाचून आलेली मंडळी "एवढ्या खाली डायपोल? काही उपयोग नाही" असं म्हणतात. त्यांना कॅनडाशी बोलायचं असेल तर त्यांचं खरं आहे. मला हिंगोली, धाराशिव, जालना, बीड ऐकायचं आहे, आणि त्यासाठी हीच उंची बरोबर आहे. वर आणखी एक फायदा मिळतो. मोकळ्या आकाशात डायपोलच्या मध्यबिंदूचा रोध ७३ ओम असतो; खाली आणला की तो उतरतो आणि ५० ओमच्या केबलशी आपोआप चांगला जुळतो.

बनवायचा कसा? १४३ ला मेगाहर्ट्झनं भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २०.१ मीटर, म्हणजे दोन्ही हात दहा-दहा मीटरचे. तांब्याची घरगुती वायरिंगची तार चालते. वरचं प्लास्टिक सोलायची गरज नाही, फक्त त्यामुळं लांबी दोन-तीन टक्क्यांनी कमी लागते. म्हणून सुरुवातीला वीतभर जास्त ठेवा आणि मोजत मोजत दुमडत जा. टोकांना चिनी मातीचे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, जे विजेच्या खांबांच्या ताणतारांत दिसतात तेच. दोन खांब नसतील तर मधे एकच उंच पाइप आणि दोन्ही हात उतरते सोडायचे. दोन्ही हातांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. बोलताना टोकांवर विजेचा मोठा दाब असतो, म्हणून पोरांच्या आणि जनावरांच्या तोंडाला लागतील इतकी ती खाली येता कामा नयेत.

घर माळवदाचं असेल तर खांब वर उभा करू नका. आधीच मातीचा भार लाकडावर तोललेला असतो, त्यात वाऱ्यानं हलणाऱ्या खांबाची भर नको. भिंतीलगत जमिनीवर खांब रोवावा आणि तार माळवदावरून न्यावी.

रात्री मात्र हा बँड आपल्याला सोडून जातो. सूर्य मावळला की आयनांबर विरळ होतं आणि ७ मेगाहर्ट्झची उभी लहर परत न येता निघून जाते. मग लांबचे परदेशी आवाज मोठ्यानं येतात आणि शेजारचा जिल्हा गप्प होतो. रात्री जवळचं बोलायचं तर ८० मीटर बँड, त्याचा डायपोल ४० मीटर लांब. शहरातल्या गच्चीवर तो मावत नाही. शेतातल्या वस्तीवर मावतो, आणि मला वाटतं खेड्यातल्या हॅमला शहरातल्यापेक्षा मिळालेली सर्वांत मोठी देणगी ही मोकळी जागाच आहे.

आता फीडलाइन. लोक सर्वांत कमी विचार जिचा करतात ती हीच.

कोअ‍ॅक्सिअल केबल म्हणजे मधे तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर तारेची जाळी आणि वरून आवरण. ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली तिचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. विहिरीवरून रानात पाणी नेताना पाइपलाइन गळकी असेल तर मोटार कितीही मोठी बसवा, शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. केबलचं तसंच आहे, फक्त हिची गळती दिसत नाही. ती उष्णता होऊन जाते. आणि ती दोन्ही बाजूंनी होते. बोलताना गेलेली शक्ती एक वेळ वॉट वाढवून भरून काढता येईल, पण दूरच्या माणसाचा अँटेनावर आलेला क्षीण आवाज केबलमध्ये मेला तर सेटमधली कोणतीही कळ फिरवून तो परत येत नाही.

गळती किती, हे तीन गोष्टींवर ठरतं: केबलची जात, तिची लांबी आणि बँड. बारीक आरजी-५८ केबल ३० मीटर लांब घेतली आणि त्यावर दोन मीटर बँड चालवला तर सुमारे ६ डीबी जातात. ३ डीबी म्हणजे निम्मं, ६ म्हणजे पाव. सेटमधून ५० वॉट निघाले, अँटेनापाशी साडेबारा पोचले. तेवढ्याच लांबीची जाड आरजी-२१३ घेतली तर तोटा पावणेतीन डीबीच्या आसपास, म्हणजे २५-२६ वॉट वर पोचतात. एलएमआर-४०० जातीची घेतली तर दीड डीबी, म्हणजे ३५ वॉट. उत्पादकागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण चित्र हेच राहतं. ४३५ मेगाहर्ट्झवर तर आरजी-५८ चे तेच ३० मीटर दहा डीबीच्या वर खातात आणि ५० वॉटमधले ५ सुद्धा वर जात नाहीत.

आता तीच बारीक केबल ४० मीटर बँडवर लावा. ३० मीटरला साधारण एक डीबी. ५० मधले ४० वॉट पोचतात आणि ऐकणाऱ्याच्या कानाला फरक कळतही नाही. म्हणून डायपोलसाठी महागड्या जाड केबलचा आग्रह धरणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो पैसा दोन मीटरच्या केबलसाठी राखावा. आणि दोन मीटरसाठी तरी जाड केबल घेण्याआधी सेटची जागा बदलता येते का बघावं. तळमजल्यावरच्या दिवाणखान्यातून जिन्याखालून वळसे घालत जाणारी ३० मीटर केबल आणि गच्चीलगतच्या खोलीतून सरळ वर जाणारी १० मीटर केबल यांत दुसरी केव्हाही सरस, मग ती एक जात खालची असली तरी.

फीडलाइनचा तोटा एक खोटंही बोलतो आणि ते जास्त घातक आहे. अँटेनाचं जुळणं मोजायला आपण एसडब्ल्यूआर मीटर लावतो. १ म्हणजे पूर्ण जुळणी, २ म्हणजे ११ टक्के शक्ती परत येते, ३ म्हणजे २५ टक्के. मीटर असतो सेटपाशी, अँटेना असते केबलच्या दुसऱ्या टोकाला. समजा वर अँटेना बिघडलीय आणि खरा आकडा ३ आहे. केबलमध्ये ६ डीबी जाताना गेले, परतताना आणखी ६ गेले. परत येणारी लहर इतकी क्षीण होते की मीटर १.३ दाखवतो. टेबलावर बसलेला माणूस समाधानी. त्याहून पुढं जाऊ: अँटेना वाऱ्यानं तुटून पडली आणि वर नुसतं उघडं टोक राहिलं, तरी हा मीटर १.७ च्या आसपासच दाखवेल. उत्तम एसडब्ल्यूआर आणि कुणालाच ऐकू न जाणारं स्टेशन, अशी जोडी दिसली की मी आधी केबलवर बोट ठेवतो.

यातूनच केबल तपासायची एक चांगली रीत निघते. वरचं टोक अँटेनापासून सोडवून उघडं ठेवा आणि सेट न लावता, नॅनोव्हीएनए नावाचं जे छोटं स्वस्त यंत्र हल्ली बऱ्याच हॅमांकडे असतं, त्यानं खालून मोजा. निरोगी, कमी तोट्याची केबल असेल तर एसडब्ल्यूआरचा आकडा खूप मोठा येतो, कारण सगळी लहर परतलेली असते. तो जितका लहान, तितकी केबल खाऊ. जुन्या केबलची ही चाचणी पावसाळ्यानंतर दर वर्षी करावी. यंत्र नसेल तर टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) लावून दोन्ही टोकांना वॉटमीटरनं शक्ती मोजली तरी चालतं.

बाजारात केबल घेताना छापलेल्या नावावर जाऊ नका. आरजी-५८ असं छापलेल्या केबलीत जाळी इतकी विरळ निघते की आतलं पांढरं प्लास्टिक दिसतं. दुकानदाराला म्हणावं, "भाऊ, टोक कापून दाखवा." जाळी दाट हवी, मधली तार तांब्याची हवी, आणि मधली तार प्लास्टिकच्या बरोबर मध्यावर हवी.

गावोगावी सहज मिळणारी केबल म्हणजे डिश-टीव्हीची आरजी-६. ती ७५ ओमची, म्हणून पुष्कळजण तिला हातही लावत नाहीत. मी लावतो. ७५ आणि ५० चं प्रमाण दीड. त्यात जेमतेम ४ टक्के परततात. उंचावरच्या डायपोलचा रोध तर ७३ च्या आसपासचाच, आणि दोन मीटरवर तिचा तोटा आरजी-५८ पेक्षा बराच कमी असतो. अडचण वेगळी आहे. मधली तार बहुधा पोलादाची, वरून तांब्याचा मुलामा. जाळी ॲल्युमिनियमची, जिला सोल्डरचा डाग बसत नाही. म्हणून तिला स्क्रूचे किंवा दाबून बसवायचे कनेक्टर घ्या आणि शक्ती ५० वॉटच्या आत ठेवा.

आणि अजिबात केबल न वापरण्याचाही एक मार्ग आहे. दोन उघड्या समांतर तारा, मधे ठरावीक अंतरावर वीज न वाहणारे तुकडे. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झवर) या लाइनचा तोटा नगण्य असतो आणि मधे ट्यूनर (जुळणी करून देणारं यंत्र) लावला की एकाच तारेवर अनेक बँड चालतात. मधल्या तुकड्यांसाठी ठिबकची जुनी १६ मिलिमीटर नळी कापून वापरता येते. उन्हात टिकण्यासाठीच ती बनवलेली असते, आणि मराठवाड्यात ती नाही असं शिवार सापडणार नाही. ही लाइन पत्र्याजवळून किंवा लोखंडी गजाला चिकटवून मात्र नेऊ नये.

उन्हाचं सांगायलाच हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो. स्लॅबवर लोळत पडलेल्या केबलचं हलक्या पीव्हीसीचं आवरण दोन-चार उन्हाळ्यांत तडकतं. फोमच्या केबलला तीव्र वळण दिलं असेल तर उष्णतेनं मऊ झालेल्या फोममधून मधली तार हळूहळू कडेला सरकते आणि शेवटी जाळीला टेकते. म्हणून वळणं मोठी ठेवावीत, केबल पाइपातून किंवा भिंतीच्या सावलीतून न्यावी आणि बाहेरचं आवरण काळ्या पॉलिथिनचं घ्यावं.

आणि मग जून. पाणी कनेक्टरातून शिरतं आणि जाळीच्या केशिकांनी मीटर-मीटर आत जातं. पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणी अडवत नाही. एन प्रकारचा अडवतो, म्हणून छतावरच्या जोडाला आणि ७० सेंटिमीटरच्या (४३५ मेगाहर्ट्झच्या) बँडला मी एनच लावतो. दोन्हींवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तिच्यावर साधी काळी टेप. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडावा, म्हणजे ओघळ तिथून गळून जातो.

काळ्या मातीचा स्वभाव खांब उभारणाऱ्यानं लक्षात घ्यायला हवा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मार्चमध्ये घट्ट ठोकलेली ताणतारेची खुंटी मेमध्ये हातानं हलते. वळवाचं वारं नेमकं तेव्हाच येतं. खुंट्या मुरूम लागेपर्यंत खोल न्याव्यात किंवा काँक्रीटमध्ये बसवाव्यात, तीन दिशांना तीन, आणि वारं सुरू होण्याआधी एकदा ताण बघून घ्यावा. खांब आडवा पडला तरी त्याचं टोक किंवा त्यावरची तार विजेच्या लाइनला शिवता कामा नये. जागा निवडताना हा पहिला नियम, बाकी सगळं नंतर.

अर्थिंगलाही हीच माती त्रास देते. वाळून भेगाळली की सळईचा मातीशी संपर्क तुटतो आणि रोध वाढतो. आणि जिथं दोन फुटांवर काळा पाषाण लागतो तिथं सळई जातच नाही. तिथं तांब्याची पट्टी आडव्या चरात पुरावी. न्हाणीचं पाणी जिरतं त्या जागी सळई ठोकली तर ओल टिकते. अँटेनाचं अर्थिंग आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असावं, नाहीतर वीज जवळ पडली तर दोन अर्थिंगांमधला दाब सेटमधून वाट काढतो. अवकाळीत आणि परतीच्या पावसात आपल्या शिवारांत वीज पडून माणसं दगावतात, त्यामुळं या विषयात मी कुणाला सवलत देत नाही. अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा भाग) लावा, आणि तरीही दूरवर पहिला गडगडाट ऐकला की केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवा. ढग डोक्यावर आल्यानंतर तिला हात लावू नका.

गोंगाटाबद्दल थोडं. एलईडी दिवे, चार्जर, सोलर पंपाचे कंट्रोलर, सगळे एचएफवर खरखर सोडतात. केबलच्या जाळीचं बाहेरचं अंग ही खरखर अँटेनासारखी गोळा करून आत आणतं. डायपोलच्या मध्यावर १:१ बालन (केबल आणि दोन हात यांच्यामधला जोडणारा भाग) किंवा फेराइट कड्यातून केबलचे काही वेढे, एवढ्यानं ती वाट बंद होते, आणि डायपोल घरापासून जितका दूर तितकं ऐकणं स्वच्छ. दुर्बल आवाज ऐकण्यासाठी मी यापेक्षा स्वस्त सुधारणा पाहिलेली नाही.

हे सगळं कशासाठी, तर आपल्या भागाला त्याचं कारण ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारी आणि परिसरातली गावं दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली, हजारो माणसं गेली. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या हॅम ऑपरेटरांनी निरोपांची ने-आण केली. मोबाईल तेव्हा नव्हतेच. आज आहेत, पण टॉवरला वीज लागते, बॅटरी संपते, आणि संकटात सगळे एकाच वेळी फोन लावतात. तेव्हा उपयोगी पडतो तो कमी उंचीवरचा डायपोल, कारण त्याला मधे कुणाचाच टॉवर लागत नाही आणि दुपारी लातूर, संभाजीनगर, मुंबई तिन्हीकडं तो एकाच वेळी पोचतो.

म्हणून छतावरच्या जोडीला एक पिशवीतलाही डायपोल करून ठेवावा. दहा-दहा मीटरच्या दोन तारा, त्यांच्या लांबीवर ७.१ ची खूण आधीच केलेली. १५ मीटर आरजी-५८. या बँडवर तिचा तोटा अर्धा डीबी आहे आणि ती हलकी असते. दोन इन्सुलेटर, दगड बांधून फांदीवर फेकायला नायलॉनची दोरी, १२ व्होल्टची बॅटरी, कनेक्टरांचा एक जास्तीचा जोड. एक कडुलिंब मिळाला तरी भागतं, मधोमध फांदीवर ओढून हात उतरते सोडायचे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (खालच्या पायरीच्या) परवान्याला ५० वॉटची मुभा आहे आणि दिवसा मराठवाडाभर बोलायला ती भरपूर होते. परीक्षेला वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. शाळेतल्या पोरांना शिकवायचं असेल तर सेटाची बटणं शेवटी दाखवा; पहिल्या तासाला मैदानात तार मोजायला लावा, दोन टोकांना दोन पोरं आणि मधे केबल धरायला तिसरा.